आमचा काही संबंध नाही

आधीच सांगून ठेवतो, मी प्राणिप्रेमी वगैरे नाही. मी विमा कंपनीत दावे तपासण्याच्या खात्यात आहे, आणि दावा तपासणं म्हणजे तो कसा नाकारता येईल ते पाहणं, हे आता लोकांनाही कळून चुकलंय. भिजलेली गाडी, जळालेलं दुकान, घसरून मोडलेला पाय असं काहीबाही घेऊन माणसं माझ्या टेबलासमोर येतात आणि मी अतिशय सौम्य आवाजात विचारतो, ‘घटना घडली तेव्हा आपण नेमके कुठे होता?’ या एका वाक्यावर माझी अर्धी नोकरी निघाली. असा मी एका भटक्या कुत्र्यासाठी दुसऱ्याच्या टेबलासमोर हात जोडून उभा राहीन असं कोणी म्हणालं असतं, तर मी त्याच्याकडे पुरावा मागितला असता.

तो कुत्रा आमच्या इमारतीच्या फाटकापाशी पडलेला असायचा. रंग तपकिरी, एक कान उभा, एक आडवा. वॉचमन त्याला ‘साहेब’ म्हणायचा. दिवसभर एका जागी पडून राहायचं आणि कोणी आलं की एक डोळा उघडून परत मिटायचा, एवढंच त्याचं काम होतं. आमच्या ऑफिसातही या कामाला साहेबच नेमलेले आहेत, त्यामुळे मला ते नाव खटकलं नाही. ऑफिसला जाताना मी त्यांना वळसा घालायचो, येताना ते मला डोळा उघडून पाहायचे, याखेरीज आमचा परिचय नव्हता.

परिचय होता तो अप्पांचा. अप्पा म्हणजे माझे वडील. यांची उभी हयात सरकारी कचेरीत गेली आणि एवढ्या वर्षांत यांच्यावर एकदाही ठपका आला नाही, कारण यांचा कधी कशाशी संबंधच आला नाही. कचेरीचं छत गळून फायलींचा लगदा झाला, तेव्हा चौकशीत अप्पांनी सांगितलं, आमचा काही संबंध नाही, आम्ही पलीकडच्या खोलीत बसतो. मी शाळेची काच फोडली तेव्हा हेडमास्तरांनी बोलावून घेतलं, तर अप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, मुलगा बहुतेक वेळ आईच्या ताब्यात असतो. माझ्या लग्नात कोणीतरी त्यांना विचारलं, तुम्ही मुलाकडचे का? अप्पा म्हणाले, तसं म्हणायला हरकत नाही.

तर साहेबांचा मागचा पाय सुजला. अप्पांनी कोपऱ्यावरच्या भिंतीवर रंगवलेला नंबर बघून प्राण्यांच्या शेल्टरला फोन केला. आयुष्यात त्यांनी स्वतःहून उचललेलं हे बहुधा पहिलं पाऊल असावं. गाडी आली, भोवती माणसं जमली, सोसायटीचे चेअरमन बाल्कनीत येऊन उभे राहिले. गाडीवाल्याने विचारलं, कुत्रा कोणाचा? अप्पांनी एकवार जमलेल्या गर्दीकडे पाहिलं, एकवार बाल्कनीकडे पाहिलं, आणि म्हणाले, ‘आमचा काही संबंध नाही.’ साहेबांना गाडीत चढवलं आणि गाडी गेली.

हे सगळं मला फार उशिरा कळलं. मला दिसलं ते एवढंच, की अप्पांचं संध्याकाळी बागेत जाणं बंद झालं. आधी म्हणाले हवा बरी नाही. मग बूट चावायला लागले. मग बागेतले बाक चुकीच्या दिशेला तोंड करून बसवलेत असं निघालं. खुर्ची खिडकीशी ओढून ते फाटकाकडे पाहत बसायचे. जेवण अर्ध्यावर आलं, बोलणं तर त्याहून खाली. बायको म्हणाली, काहीतरी बिनसलंय. मी म्हटलं, वय झालं. माझ्या खात्यात याला ‘नैसर्गिक झीज’ म्हणतात आणि त्यावर काहीही मंजूर होत नाही.

बायको माझ्या खात्यात नाही. ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेली तेव्हा दुकानदाराने तिला सहज विचारलं, आजोबा दिसत नाहीत, त्यांचा कुत्रा बरा झाला का? ही म्हणाली, आमच्याकडे कुत्रा नाही. दुकानदार हसला. मग त्याने सांगितलं, की आजोबांना डाव्या अंगाचं दिसत नाही ना, म्हणून तो कुत्रा रोज त्यांच्या डाव्या बाजूने चालायचा, आणि चौकात गाडी येत असली की आडवा उभा राहायचा. तो हलला की आजोबा हलायचे. बागेत जाऊन दोघं बाकावर बसायचे आणि तसेच परत यायचे.

अप्पांचा डावा डोळा गेलाय हे रस्त्यावर सगळ्यांना माहीत होतं, घरात कोणालाही नव्हतं. आता हे सांगायला बरं वाटत नाही, पण मी तेव्हा जेवायला अप्पांच्या डाव्या हाताला बसायचो. कित्येक महिने ते माझ्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत म्हणून मी मनातून रुसलो होतो, आणि मीही त्यांना कोशिंबीर पुढे करणं बंद केलं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं, तर ते म्हणाले, गेलं ते गेलं, दुसरा डोळा चांगला आहे, पण यांना घरात बसवून ठेवू नका, चालते ठेवा. अप्पांना काठी नको होती, कारण काठी घेतली की लोक विचारतात. बायको म्हणाली मी येते सोबत, तर म्हणाले, मला काय झालंय? मग आम्ही दोघांनी ठरवलं, की साहेबांना परत आणायचं. जायचं, बरा झालेला कुत्रा उचलायचा, यायचं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

शेल्टर गावाबाहेरच्या रस्त्याला होतं. फिनेलचा वास, चारी बाजूंनी भुंकणं, आणि ऑफिसात टेबलामागे प्रमुख बाई. समोर पाहुण्यांसाठी एकच खुर्ची होती आणि तीवर मांजर झोपलं होतं. बाईंनी मांजराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि निकाल मांजराच्या बाजूने लागला. मी उभ्यानेच माझं म्हणणं मांडलं. बाईंनी ते अतिशय सौम्य आवाजात ऐकून घेतलं. सौम्य आवाज मला ओळखू येतो. मग त्या म्हणाल्या, ‘गाडी आली तेव्हा आपण नेमके कुठे होता?’

समोरच्याला काय वाटत असेल याचा विचार मी इतक्या वर्षांत केला नव्हता, तो तिथे उभ्याउभ्या करावा लागला.

बाईंचं म्हणणं सरळ होतं. मालकाने स्वतः येऊन माझा आहे म्हटलं असतं, तर अर्ज नाही, मुलाखत नाही, तेव्हाच्या तेव्हा कुत्रा दिला असता. पण तुमच्या वडिलांनी चारचौघांत सांगितलंय की संबंध नाही. म्हणजे कुत्रा बेवारशी. बेवारशी कुत्रा हवा असेल तर बाकीच्यांसारखा रीतसर अर्ज करा. इथे त्याचं नावही आता प्रोफेसर ठेवलं आहे. मी विचारलं, प्रोफेसर का? त्या म्हणाल्या, तो सगळ्यांकडे असं बघतो की आपला अभ्यास झालेला नाही असं वाटतं. जाळीपलीकडून साहेब माझ्याकडे तसेच बघत होते.

घरी येऊन मी अप्पांना सांगितलं, की तुम्ही नुसते चला आणि ‘माझा आहे’ एवढं म्हणा, काम संपलं. अप्पांनी चष्मा पुसला. एकदा नाही म्हटलं ते नाही, म्हणाले. आता हो म्हटलं तर आधीचं खोटं ठरतं. शिवाय माझा म्हटलं की तो कोणाला चावला तरी माझा, कोणाच्या दारात घाण केली तरी माझी. हे सगळं कोण निस्तरणार? आणि मुळात त्या कुत्र्याचा आणि माझा काय संबंध? एवढं बोलून ते खिडकीशी जाऊन फाटकाकडे पाहत बसले.

तेव्हा रीतसर अर्ज करणं आलं. अर्जात ‘कुत्र्याने सोफा फाडल्यास आपण काय कराल?’ असा प्रश्न होता. मी सवयीने लिहिलं, ‘नुकसानीची पाहणी करून वरिष्ठांना कळवीन.’ अर्ज परत आला. दुसऱ्यांदा बायकोने भरला तेव्हा पुढे सरकला, आणि पुढच्या पायरीवर आमच्या सोसायटीचा ना हरकत दाखला मागितला गेला.

इथे मात्र मी आशेवर पाणी सोडायला हवं होतं. आमचे चेअरमन तत्त्वाचे आहेत. ते म्हणाले, आपल्या नियमांत कुत्र्यांबद्दल अवाक्षर नाही. मनाईच नाही तर सूट कशातून देऊ? आधी मनाई करावी लागेल, मग तुम्हाला सूट. मला हे पटलं, हेच मला आता पटत नाही. खास सभा बोलावली. पहिला ठराव, इमारतीत कुत्रा पाळण्यास सक्त मनाई, हा एकमताने मंजूर झाला. हात वर करणाऱ्यांत मी पहिला होतो. मग चहा आला. चहा घेऊन मंडळी जी पांगली ती परत आलीच नाहीत, आणि दुसरा ठराव सभासद अपुरे म्हणून पुढच्या वर्षावर गेला. अशा रीतीने ज्या इमारतीत कुत्रा पाळायला कोणाचीही आडकाठी नव्हती, तिथे ती मी स्वतः धावपळ करून घालून घेतली.

बातमी पसरली आणि सल्ले यायला लागले. वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंनी कुत्रा कोणत्या पट्टीत भुंकतो याची चौकशी केली, कारण सकाळी त्यांचा रियाज असतो. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, दात बघितल्याशिवाय घेऊ नका, आणि त्यांनी मला एक छोटा आरसा दिला. तो आरसा साहेबांच्या तोंडात कोणी धरायचा ते त्यांनी सांगितलं नाही. वॉचमन तेवढा म्हणाला, साहेब गेल्यापासून फाटकावर लक्ष ठेवायला कोणी नाही. हे त्याने खुर्चीत डोळे मिटून सांगितलं.

दाखल्याचं पाहू, आधी घर पाहतो, असं शेल्टरने कळवलं, आणि आमच्याकडे जी साफसफाई सुरू झाली तशी आमच्या लग्नानंतर झाली नव्हती. कोणी घर बघायला येणार म्हटलं की ते घर राहण्याजोगं दिसता कामा नये, हा आमच्याकडचा शिरस्ता आहे. सोफ्याची आवरणं धुतली. वर्तमानपत्रं पलंगाखाली गेली. जेवणाच्या टेबलावर काचेचं भांडं आलं. दातांच्या डॉक्टरांनी आपला गालिचा दोन तासांसाठी दिला आणि गालिच्यासोबत स्वतःही येऊन बसले.

शेल्टरमधून एक तरुण मुलगी आली. तिच्याकडे मोजपट्टी होती. तिने बाल्कनीच्या गजांमधलं अंतर मोजलं, न्हाणीघराच्या फरशीवरून पाय घसरवून पाहिला, आणि मग विचारलं, कुत्रा या गालिच्यावर बसलेला चालेल ना? बायको म्हणाली, हो, अगदी. डॉक्टर म्हणाले, मुळीच नाही. मुलीने त्यांना विचारलं, आपण घरातले कोण? डॉक्टर म्हणाले, मी गालिच्यातर्फे आहे.

तरीही प्रकरण निभावलं असतं. मुलगी चांगली होती. तिची अडचण एवढीच होती, की आम्ही दोघं दिवसभर बाहेर, मग कुत्र्याजवळ कोण? बायको म्हणाली, अप्पा असतात. अप्पांना आम्ही आतल्या खोलीत थांबायची ताकीद दिली होती, पण नेमके तेव्हाच ते पाणी प्यायला बाहेर आले. मुलीने प्रेमाने विचारलं, आजोबा, प्रोफेसरला तुम्ही सांभाळाल ना? अप्पांनी पाणी संपवलं, पेला पालथा ठेवला, आणि म्हणाले, मुलाचं चाललंय काहीतरी, माझा काही संबंध नाही.

मुलीने मोजपट्टी मिटली. ती पट्टी मिटतानाचा आवाज मी विसरणार नाही.

नकाराचं पत्र इतकं सभ्य होतं की ते मीच लिहिलं असावं असं वाटलं. मी शेल्टरला फोन केला, चढ्या आवाजात बोलून पाहिलं, मग पडेल आवाजात बोलून पाहिलं. बाई म्हणाल्या, प्रोफेसरसाठी दुसरं कुटुंब मिळालं आहे, नवरा-बायको दोघंच, स्वतंत्र बंगला, हिरवळ. रविवारी सकाळी ते त्याला घेऊन जातील, दुसऱ्या गावी. माझं मन राखायला म्हणून त्यांनी विचारलं, एक मांजर आहे, बघता का? ते खुर्चीवरचंच होतं.

मी फोन ठेवला आणि हरलो. खरं सांगतो, मला कुत्र्याचं दुःख नव्हतं. मला भीती वाटली. खिडकीतला तो म्हातारा आता तिथून उठणारच नाही, एवढंच मला दिसत होतं, आणि याला कोणतंही कलम लागू पडत नव्हतं.

बायको मात्र सरळ खिडकीपाशी गेली. इतक्या वर्षांत ती अप्पांशी वर तोंड करून बोललेली मी ऐकली नव्हती. ती त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहिली आणि म्हणाली, ‘अप्पा, रविवारी त्याला लांब नेतायत. तुम्ही एक शब्द बोललात तर तो परत येतो. नाही बोललात तर तुम्ही इथे असेच बसाल, आणि तुम्हाला असं बसलेलं मला बघवत नाही.’ ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

रविवारी सकाळी मी दाढी करत होतो. बाहेर आलो तर अप्पा दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, कोट, चावणारे बूट. म्हणाले, जायचं असेल तर चल, मला काय, मी नुसता येतो.

शेल्टरच्या अंगणात बंगल्यातलं जोडपं आधीच आलेलं होतं. त्यांनी नवीन पट्टा आणला होता, नवीन ताटली आणली होती, सावलीला एक मोठी गाडी उभी होती. मी उसना धीर आणून बाईंना नमस्कार केला. तेवढ्यात साहेबांना बाहेर आणलं. आता ते धावत सुटतील, अप्पांच्या अंगावर उड्या मारतील, आणि बाईंचे डोळे भरून येऊन सगळं आपोआप सुटेल, अशी माझी पक्की अटकळ होती. साहेब धावले नाहीत, शेपूटही धड हलवली नाही. ते आपले संथपणे चालत आले, अप्पांना वळसा घातला, आणि त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले. मग अप्पांच्या गुडघ्याला अंग टेकून फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे पाहायला लागले. चला, म्हणत होते बहुतेक.

बाई बघत राहिल्या. मग पुढे येऊन त्यांनी विचारलं, ‘आजोबा, हा कुत्रा कोणाचा?’

भोवती माणसं होतीच. जोडपं होतं, गाडीवाला होता, मोजपट्टीवाली मुलगी होती. अप्पांनी सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं. आता हे पलीकडच्या खोलीत जातात की काय, असं वाटून मी डोळे मिटले.

‘माझा आहे,’ अप्पा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, ‘आणि मला डाव्या डोळ्याने दिसत नाही. तेही लिहून घ्या.’

बाईंनी नवीन काही विचारलं नाही. त्यांनी सहीसाठी कागद पुढे केला, आणि अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा न वाचता सही केली. जोडप्यातल्या बाई रडायला लागल्या, तेव्हा मलाही भरून आलं, पण त्या जाताना दोन पिल्लं घेऊन गेल्या असं नंतर कळलं. परतीच्या वाटेवर साहेब मागच्या सीटवर अप्पांच्या डाव्या बाजूला बसले. मी पुढे, टॅक्सीवाल्याच्या शेजारी. मला कोणी काही विचारलं नाही.

आता घरात असं आहे, की अप्पा संध्याकाळी बागेत जातात आणि बाकांबद्दल त्यांची तक्रार नाही. मी जेवायला त्यांच्या उजव्या हाताला बसतो, कारण डावी जागा भरलेली असते. सोफ्याचा एक हात गेला आहे. मी नुकसानीची पाहणी केली आणि वरिष्ठांना कळवलं. वरिष्ठ खिडकीशी बसून बिस्किट मोडत होते, अर्धं स्वतःला, अर्धं साहेबांना.

सोसायटीतली मनाई मात्र जिथल्या तिथे होती. काल सकाळी दारावरची घंटा वाजली. चेअरमन उभे होते, त्यांच्या हातात एक चप्पल होती, म्हणजे चप्पलेचा पुढचा भाग होता. त्यांच्यामागे जिन्यात दातांचे डॉक्टर, गाण्याच्या बाई आणि वॉचमन अशी मंडळी जमली होती. चेअरमननी चप्पल माझ्या नाकासमोर धरली आणि विचारलं, हे काम ज्याने केलं तो कुत्रा कोणाचा?

रक्तातलं जातं कुठे? मी पटकन म्हणून गेलो, ‘आमचा काही संबंध...’

‘आमचा आहे,’ माझ्या मागून आवाज आला. अप्पा पट्टा हातात घेऊन उभे होते, बागेत निघालेले. डाव्या बाजूला साहेब होते. ‘बोला.’

चेअरमननी माझ्याकडे पाहिलं. जिन्यातल्या सगळ्यांनीच पाहिलं. मी अप्पांच्या उजव्या बाजूला सरकलो, चेअरमनांच्या हातातली चप्पल घेतली, उलटसुलट करून पाहिली, आणि माझ्याजवळ आहे तेवढ्या सौम्य आवाजात विचारलं, ‘घटना घडली तेव्हा चप्पल नेमकी कुठे होती?’